सारखेच जेवण, वेगळी भूक : लालबागमधील सात वर्षांच्या मुलीच्या लठ्ठपणाचा प्रकरण अभ्यास

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याच्या गडबडीत, लालबागच्या एका चाळीतले कुटुंब सात वर्षे चार महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. आई, वडील, आजी आणि अकरा वर्षांचा भाऊ असे सगळेच आले होते. निमित्त गणवेशाचे होते. दुसरीत जाणाऱ्या मुलीला सातवीच्या मुलीचे माप लागते असे शिंप्याने सांगितले, आणि इतके दिवस ‘बाळसे आहे, उतरेल’ म्हणून टाळलेला विषय त्या दिवशी टाळता येईना. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत.

मुलीचे वजन ४६ किलो आणि उंची १३२ सेंटिमीटर होती, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २६.४. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली सुधारलेल्या वाढीच्या तक्त्यांत, प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा प्रत्येक वयासाठी आखल्या आहेत. पहिलीच्या वर अतिवजन आणि दुसरीच्या वर लठ्ठपणा मानतात. ही मुलगी दुसऱ्या रेषेच्या इतकी वर होती की तिचा बिंदू तक्त्याच्या छापील भागाबाहेर गेला. मानेवर आणि काखेत त्वचा काळी, मखमलीसारखी जाड झाली होती. आजी तो मळ समजून रोज उटण्याने घासत असे. शरीरात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते आणि घासून जात नाही, हे प्रथम सांगावे लागले.

वजनापेक्षाही माझे लक्ष उंचीने वेधून घेतले. लठ्ठ मूल वयाच्या मानाने बुटके असेल, तर थायरॉइडची कमतरता, कॉर्टिसॉलचा अतिरेक किंवा एखादा सिंड्रोम यांचा शोध घ्यावा लागतो. उंच असेल, तर हार्मोनचा आजार बहुधा नसतो. ही मुलगी वर्गात सर्वांत उंच होती. असे असूनही ती आठ महिने थायरॉइडची गोळी घेत होती. दुसऱ्या एका ठिकाणी केलेल्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारे हार्मोन) ६.९ आले होते आणि तेवढ्यावरून गोळी सुरू झाली होती. लठ्ठ मुलांमध्ये टीएसएच किंचित वाढलेले पुष्कळदा सापडते. ते लठ्ठपणाचा परिणाम असते, कारण नव्हे. गोळी थांबवून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हा टीएसएच ६.२, टी४ हे थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन व्यवस्थित आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे शून्य आली. त्या आठ महिन्यांत घरच्यांनी ‘औषध चालू आहे’ या समाधानात बाकी काहीच केले नव्हते, आणि अशा गोळीचा खरा तोटा मला तोच वाटतो.

मग आईला मी सुरुवातीपासून सांगायला लावले. जन्मवजन २.९ किलो होते, म्हणजे अगदी साधारण. सहाव्या महिन्यापासून मूल दूध सोडायला तयार नसे. अकराव्या महिन्यात गल्लीतल्या मंडळाच्या सुदृढ बालक स्पर्धेत तिला पहिले बक्षीस मिळाले. त्याचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये अजून आहे आणि तो दाखवताना तिला अभिमान वाटावा की अपराधी वाटावे हे ठरवता येत नव्हते. एका वर्षाला १३ किलो, दोन वर्षांना १९, चार वर्षांना ३० अशी नोंद लसीकरणाच्या पुस्तिकेत आणि बालवाडीच्या कार्डावर सापडली. बहुतेक मुले पहिल्या वाढदिवसानंतर हळूहळू सडपातळ होत जातात आणि पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बीएमआय पुन्हा चढू लागतो. हिच्या बाबतीत तो मधला उतार आलाच नव्हता.

जेवणाबद्दल विचारल्यावर आजी म्हणाली, “अधाशी आहे हो. जेवून उठली की वीस मिनिटांत परत डबे हुडकते. रात्री उठून पोळ्या खाते. शाळेत दुसऱ्यांच्या डब्यात हात घालते म्हणून बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली.” मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला विचारले, “जेवल्यावर पोट भरतं का गं?” ती म्हणाली, “पोट भरतं. पण भूक असते.” माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा धागा या दोन वाक्यांत होता.

आई घरून डबे पुरवते. रोज सकाळी पंचवीस डबे आणि दीडशेच्या आसपास पोळ्या दहा बाय बाराच्या त्या खोलीत होतात. शेजारपाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी याचा सोपा अर्थ लावला होता: घरात सतत अन्न, म्हणून मुलगी अशी. पण त्याच खोलीत, त्याच ताटांत जेवून वाढलेला भाऊ २८ किलोचा काटकुळा होता आणि त्याला दुसरी पोळी घे म्हणून मागे लागावे लागे. वडील मात्र ११८ किलोचे. ते इमारतींचे पंप आणि वायरिंग दुरुस्त करणारे वायरमन आहेत आणि लहानपणापासून त्यांना सगळे ‘जाड्या’च म्हणत आले.

अन्न मिळते म्हणून मूल लठ्ठ होते, हे अर्धेच खरे आहे. दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांचा डेन्मार्कमधील अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्या शरीरयष्टीचा संबंध जन्मदात्यांच्या शरीरयष्टीशी आढळला, वाढवणाऱ्या आईवडिलांशी नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली ८ ते ११ वर्षांच्या ५,०९२ जुळ्या जोड्यांवरून काढलेल्या हिशोबात, बीएमआयमधल्या फरकांपैकी सुमारे ७७ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. या आकड्याचा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. एखाद्या मुलाच्या चरबीपैकी ७७ टक्के जनुकांतून आली असा तो नाही. सारख्याच काळात आणि साधारण सारख्याच अन्नात वाढणाऱ्या मुलांमध्ये एक मूल दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे ते उत्तर आहे. अन्न बदलले की सगळ्यांचे वजन एकत्र वर किंवा खाली सरकू शकते आणि तरीही तो आकडा तसाच राहू शकतो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य लठ्ठ मुलांत एकच एक बिघडलेले जनुक सापडत नाही आणि मी ते शोधतही नाही. त्यांच्यात शेकडो लहान फरकांची बेरीज असते. त्यांतला सर्वांत गाजलेला फरक एफटीओ या जनुकाजवळचा, २००७ साली सापडलेला. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते; या फरकाच्या दोन्ही प्रती असणाऱ्या युरोपीय प्रौढांचे वजन एकही प्रत नसणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन किलोच जास्त होते. अशा मुलासाठी तपासणीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील अंतःस्राव तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पाच वर्षांच्या आत सुरू झालेला तीव्र लठ्ठपणा आणि त्यासोबत अनावर भूक किंवा कुटुंबात तसाच तीव्र लठ्ठपणा असेल, तेव्हा जनुकीय तपासणीचा विचार करावा. या मुलीत तिन्ही गोष्टी होत्या.

तपासणीपूर्वी काही शक्यता नुसत्या पाहण्या-विचारण्यातून मागे पडल्या. जन्मताच अंग सैल, दूध ओढायला त्रास आणि मग दोन-तीन वर्षांनी अनावर भूक हा प्राडर-विली सिंड्रोमचा क्रम असतो. हिचे तसे नव्हते. बार्डे-बीडल या दुसऱ्या सिंड्रोमच्या खुणाही नव्हत्या: हातापायांची बोटे पाच-पाच होती, रात्री नीट दिसत होते आणि अभ्यासात ती चांगली होती. नात्यात लग्न झाले आहे का, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो, कारण मामाची किंवा आत्याची सोयरीक अनेक घरांत चालते. आजी म्हणाली, “आमच्यात चालतं, पण यांचं बाहेरचं आहे.” हा प्रश्न उगाच विचारलेला नव्हता. लेप्टिन हे चरबीने मेंदूला धाडलेले निरोपाचे हार्मोन १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले, आणि ते जन्मतःच नसलेली पहिली दोन मुले १९९७ साली केंब्रिजच्या गटाने नोंदवली. ती एकमेकांची चुलत भावंडे होती, पाकिस्तानी वंशाच्या आणि नात्यात लग्ने होत आलेल्या कुटुंबातली. दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारे असे आजार नात्यातल्या लग्नांत अधिक दिसतात.

जनुकीय तपासणीसाठी रक्त पाठवले. बाकीच्या तपासण्यांत उपाशीपोटीचे इन्सुलिन बरेच वाढलेले, यकृतात पहिल्या टप्प्याची चरबी, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ५.६ आणि हाडांचे वय खऱ्या वयापेक्षा दीड वर्ष पुढे, असे आले. रक्तदाब ९६/६० होता. इतक्या लठ्ठ मुलीचा रक्तदाब इतका व्यवस्थित, याची मी मनात नोंद घेतली.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. एमसी४आर या जनुकाच्या एका प्रतीत, प्रथिन अर्ध्यावरच तुटेल असा रोगकारक बदल सापडला होता. हे जनुक अठराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यापासून ३३२ अमिनो आम्लांचे एक ग्राहक प्रथिन (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर निरोप झेलणारे प्रथिन) बनते. चरबी वाढली की लेप्टिन वाढते, लेप्टिनमुळे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी एक निरोप सोडतात आणि तो निरोप एमसी४आर हे ग्राहक ऐकते. ऐकले की ‘आता पुरे’ ही जाणीव होते. मी हे कागदावर काढून दाखवत असताना वडील म्हणाले, “म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट. टाकी भरली तरी पंपाला कळत नाही.” मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते. फक्त एक दुरुस्ती केली: दोनपैकी एक प्रत शाबूत असल्यामुळे फ्लोट बंद पडलेला नाही, तो उशिरा आणि क्षीण इशारा देतो.

एमसी४आरचे लठ्ठपणाशी हे नाते माणसांत १९९८ साली उघड झाले, आणि लहानपणीच तीव्र लठ्ठ झालेल्या पाचशे जणांत केंब्रिजच्या गटाला २००३ साली ५.८ टक्क्यांमध्ये असे बदल सापडले. अनावर भूक, वाढलेली उंची, भरपूर इन्सुलिन आणि लठ्ठपणाच्या मानाने कमी रक्तदाब हे चित्र या मुलीशी जुळणारे आहे. ब्रिस्टल परिसरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात, २०२१ साली, सुमारे ३३७ जणांमागे एकात एमसी४आर निकामी करणारा बदल आढळला आणि अशा व्यक्ती अठराव्या वर्षी इतरांपेक्षा सरासरी १७.७६ किलो जड निघाल्या. हा सरासरीचा आकडा आहे. काही वाहक लठ्ठ नसतातही.

अहवालात आणखी एक ओळ होती, आणि तिने जेवढा मनस्ताप दिला तेवढा मुख्य निदानाने दिला नाही. बार्डे-बीडल सिंड्रोमशी संबंधित एका जनुकाच्या एका प्रतीत ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल नोंदवलेला होता. अहवाल आधी वडिलांच्या मोबाइलवर आला, त्यांनी रात्री ते नाव शोधले आणि ‘अंधत्व’ हा शब्द वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी तिघे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. तो सिंड्रोम व्हायला दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, एका प्रतीतला आणि तोही अनिश्चित बदल कित्येक निरोगी माणसांत सापडतो, हे मी समजावून सांगितले. आईची झोप परत यायला मात्र नेत्रतज्ज्ञांची तपासणी व्हावी लागली. तपासणीपूर्वी मी त्यांना अर्धा तास दिला होता. त्यात ‘अशी ओळ येऊ शकते’ हे सांगायचे राहून गेले होते. ती चूक माझी. आता अहवाल कुटुंबाच्या हाती थेट पडू नये अशी व्यवस्था मी आधीच करून घेतो.

वडिलांची तपासणी केली. तोच बदल त्यांच्यातही निघाला. आजीने हट्टाने आपलीही करवून घेतली, कारण ‘माझ्याकडून आलं का’ हे तिला जाणायचे होते. तिच्यात तो नव्हता. म्हणजे तो आजोबांकडून आला असावा, किंवा वडिलांपासूनच सुरू झाला असावा. आजोबा हयात नाहीत, तेव्हा पुढचे सगळे अनुमान आहे, हे मान्य करून मी ते लिहितो.

आजोबा कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. आजीच्या सांगण्यानुसार त्यांचे जेवण चाळीत प्रसिद्ध होते. रात्रपाळीहून आले की सात-आठ भाकऱ्या, आणि तरी अंगावर मांस नाही. आठ तास साच्यांमध्ये उभे राहून चालणे आणि पैशापाण्याची ओढाताण, यांत शिल्लक काही राहतच नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कित्येकांना गिरणीतली नोकरी परत मिळालीच नाही. काही वर्षे हालाची गेल्यावर आजोबांना एका इमारतीत रखवालदाराची नोकरी लागली. खुर्चीवर बसून बारा तास. “मग सुटले ते,” आजी म्हणाली, “पाच वर्षांत ओळखू येईनात.” साठीच्या आतच त्यांना मधुमेह झाला होता. बदल त्यांच्यात असेलच, तर तो तरुणपणीही होता, भूकही होती, ती वजनावर दिसायला वाव नव्हता एवढेच. तीच भूक नातीला मिळाली ती खाली बिस्किटांचे दुकान, कोपऱ्यावर वडापावची गाडी आणि खेळायला जिना सोडून दुसरी जागा नसलेल्या लालबागेत.

भावाची तपासणी आम्ही केली नाही. त्याच्यातही बदल असण्याची शक्यता पन्नास टक्के होती, पण तो सडपातळ आहे आणि निकालाने त्याच्या बाबतीत काहीच वेगळे करायचे नव्हते. मोठा झाल्यावर त्याचे त्याने ठरवावे. मात्र तो काटकुळा म्हणून बिनधास्त, हेही मी घरच्यांना मान्य करू दिले नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांचे वजन काट्यावर जेवढे दिसते तेवढ्यावर भागत नाही.

उपचारांबद्दल वडिलांचा पहिला प्रश्न इंजेक्शनचा होता. लेप्टिन नसलेल्या मुलांना लेप्टिन देऊन जो चमत्कार होतो तो येथे होणार नव्हता, कारण हिच्या शरीरात लेप्टिन भरपूर होते. ऐकणारेच कमी होते. सेटमेलॅनोटाइड हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्य झाले ते भुकेच्या याच निरोपसाखळीतल्या पीओएमसी, पीसीएसके१ आणि लेप्टिन ग्राहक यांच्या बिघाडांसाठी. एमसी४आरची एक प्रत बिघडलेल्यांसाठी नाही. भूक कमी करणाऱ्या लिराग्लुटाइडसारख्या औषधांचा विचार वयाच्या बाराव्या वर्षानंतर करता येईल, असे सांगून मी तो विषय तिथे थांबवला.

मग उरले घर. जनुक सापडले म्हणजे हात टेकले, असे आजीला वाटले आणि दोन दिवस तिने मुलीला हवे ते दिले. प्रत्यक्षात उलट आहे. जिची भूक आतून आवरत नाही, तिला बाहेरून आवर लागतो, आणि तो तिने नव्हे, मोठ्यांनी घालायचा असतो. भाऊ उघड्या डब्याशेजारी बसून अभ्यास करू शकतो; ती करू शकत नाही. ‘थोडा धीर धर’ हे तिला सांगणे निरर्थक होते.

खोलीत कुलूप लावण्याजोगे स्वयंपाकघर नाही आणि डब्यांवर संसार चालतो, तेव्हा आम्ही वेळ बदलली. पूर्वी रोज आठ-दहा पोळ्या जास्तीच्या होत. आता कणीक मोजून भिजते आणि उरलेले सगळे अकरा वाजता शेवटच्या डब्याबरोबर बाहेर जाते. मुलगी साडेबाराला शाळेतून येते तेव्हा ओट्यावर भांडी घासलेली असतात. ताट आई वाढते: आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ, मग दीड पोळी आणि भाजी, शेवटी थोडा आमटीभात. त्यानंतर वीस मिनिटे आजीबरोबर पत्ते. पत्त्यांची कल्पना आजीची, आणि तिच्या पदराच्या गाठीत असणारा बिस्किटांचा पुडा बंद होणे हा तिचा त्याग होता. तो मी कमी लेखणार नाही. मुलीसाठी वेगळे आणि भावासाठी वेगळे असे काहीही घरात येत नाही. रात्री जाग आली तर ताकाचा पेला. रविवारी वडिलांबरोबर राणीच्या बागेपर्यंत चालत जाणे आणि येणे. ‘अधाशी’ हा शब्द घरात उच्चारायचा नाही, ही अट मी आहाराच्या कागदावरच लिहून दिली. शाळेसाठी एक पत्र दिले. डब्यात हात घालणे ही चोरी नसून आजाराचा भाग आहे, असे त्यात होते. बाईंनी तिला पहिल्या बाकावर, स्वतःच्या टेबलाजवळ डबा खायला बसवले. पुन्हा चिठ्ठी आली नाही.

लालबागेत गणपतीचे दहा दिवस म्हणजे प्रत्येक मजल्यावर प्रसाद. तो बंद करणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. सगळा प्रसाद भावाने गोळा करायचा आणि जेवणानंतर घरातल्या सगळ्यांत वाटायचा असे ठरले. पहिल्या दिवशी उकडीचे दोन मोदक. तेवढे निभावले. मे महिना निभावला नाही. सिंधुदुर्गात गावी पाच आठवडे आंबे, फणस आणि लाड करणाऱ्या तीन आत्या, एप्रिलअखेर ४८.३ किलो असलेले वजन जूनमध्ये ५१.५ झाले होते. आई रडली. जर्मनीत लठ्ठ मुलांवर झालेल्या एका कार्यक्रमात एमसी४आरमध्ये बदल असलेल्या मुलांचेही वजन इतरांइतकेच उतरले होते, पण कार्यक्रम संपल्यावर ते टिकले नाही. हे मी तिला सांगितले, कारण आवर सुटताच वजन परतते याचा अर्थ आधीचे कष्ट फुकट गेले असा होत नाही.

पहिल्या भेटीनंतर चौदा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तिचे वजन ५२ किलो आणि उंची १४० सेंटिमीटर होती. बीएमआय २६.५. आजीला सहा किलो वाढलेले दिसले. मला चौदा महिन्यांत ०.१ने सरकलेला बीएमआय दिसला, आणि वाढत्या वयात तक्त्यावरची रेषा वर येत असल्यामुळे तिच्यातले आणि रेषेतले अंतर कमी झालेले दिसले. मानेचा काळेपणा फिकट झाला आहे, यकृत आणखी बिघडलेले नाही. वडिलांनी या निमित्ताने स्वतःची साखर तपासली, एचबीए१सी ७.९ आला आणि त्यांचे औषध सुरू झाले. आठ वर्षांच्या या मुलीच्या निदानाचा सर्वांत तातडीचा लाभ अडतीस वर्षांच्या माणसाला झाला.

जेवल्यानंतर किती भूक उरते हे एक ते पाच या आकड्यांत सांगण्याची सवय आम्ही तिला लावली आहे. सुरुवातीला ती नेहमी पाच म्हणे. एमसी४आरच्या बदलात वय वाढेल तशी भुकेची तीव्रता काहीशी ओसरते असे दिसून आले आहे, पण आठव्या वर्षी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. मागच्या भेटीत तिने ‘चार’ म्हटले, आईने लगेच “काल तीन म्हणाली होतीस ना?” असे दटावले. मुलगी म्हणाली, “काल तीनच होती. आज चार आहे.” मी वहीत चार लिहिले. पुढची भेट दिवाळीच्या आठ दिवस आधीची ठरली आहे.